सरासरी आणि वावर

(दृश्य : यवतमाळ जिल्हा. काळी जमीन, पऱ्हाटीच्या ओळी, मधे तुरीचं तास.)

अर्थशास्त्रज्ञाचं नाव गावच्या पारावर निघणं दुर्मीळच. वि. म. दांडेकरांचं मात्र विदर्भात निघतं. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं आणि अनुशेषाचा, म्हणजे मागं राहिलेल्या विकासाचा, विषय आला की दांडेकर समिती आठवतेच. चाळीस वर्षं उलटली तरी.

दांडेकर विदर्भाचे नव्हते. जन्म 1920, साताऱ्याचा. मूळ अभ्यास संख्याशास्त्राचा. सगळी उमेद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत गेली, 1966 पासून ते तिचे संचालक होते. 1983 साली राज्य सरकारनं त्यांच्याकडे एका सत्यशोधन समितीचं अध्यक्षपद दिलं. महाराष्ट्राचा कुठला भाग किती मागं राहिला, ते शोधायचं होतं. 1953 च्या नागपूर करारापासून विदर्भ म्हणत आला होता की आमच्या वाट्याचं आम्हाला मिळत नाही. तक्रार जुनी होती, पण तिला आकडा नव्हता.

समितीची रीत कुणालाही समजेल अशी होती. रस्ते, सिंचन, खेड्यांतली वीज, शाळा, तंत्रशिक्षण, दवाखाने, पिण्याचं पाणी, जमीन सुधारणा, गुरांचे दवाखाने, अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा तिच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला जो खर्च येईल तो त्याचा अनुशेष. 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष 3186 कोटी रुपयांच्या घरात निघाला. त्यातले सुमारे 39 टक्के एकट्या विदर्भाचे. दहा वर्षांनी, 1994 ची स्थिती धरून दुसऱ्या समितीनं मोजलं तेव्हा राज्याचा आकडा 14 हजार कोटींवर गेला होता, आणि विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ आला होता. दरम्यान भाव वाढले होते, आणि पाटबंधाऱ्यांची कामं रेंगाळलेली होती. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष तर त्यानंतरही वर्षानुवर्षं कागदावरून उतरला नाही.

दांडेकरांनी विदर्भाला वाद घालायचं साधन दिलं, हे त्यांचं ऋण आहे. पण त्यांच्या मोजणीचा घटक जिल्हा होता. यवतमाळ जिल्ह्यात पूस धरणाखालचा पुसदकडचा भाग येतो आणि कोलामांची वस्ती असलेला झरी-जामणी तालुकाही येतो. दोघांची बेरीज करून भागाकार केला की झरी-जामणीची तहान पुसदच्या पाण्यात मिसळून जाते. विजय केळकर यांच्या समितीनं हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला तेव्हा ती 2013 च्या अहवालात तालुक्यापर्यंत खाली उतरली. सरासरी काढायची, तर ती कुठून कुठपर्यंत? गावाला काय मिळणार हे पुष्कळदा या एका प्रश्नावर ठरतं. दांडेकरांचं जवळजवळ सगळं काम याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

(दृश्य : ज्वारीची भाकर थापणारे हात. चुलीचा जाळ.)

आता 1971 कडे जाऊ. त्या वर्षी दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'गरिबी हटाओ'ची घोषणा त्याच वर्षीच्या निवडणुकीत देशभर घुमत होती. गरीब किती, हे मात्र नीट मांडलेलं नव्हतं. दोघांनी माणसाला रोज 2250 उष्मांक लागतात असं धरलं, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीतून हे पाहिलं की महिन्याला किती खर्च करणाऱ्या घरात एवढं अन्न पोचतं. 1960-61 च्या भावांनी उत्तर आलं : खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातली सुमारे 40 टक्के माणसं होती आणि शहरातली सुमारे 50 टक्के.

2250 उष्मांक म्हणजे ताटात काय? नुसत्या ज्वारीतून घ्यायचे म्हटले तर दिवसाला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास धान्य लागतं. आज कंट्रोलच्या दुकानात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो मिळतं. दिवसाला एकशे पासष्ट ग्रॅम पडलं. म्हणजे अर्धशतकापूर्वीच्या त्या किमान गरजेचा साधारण पाव हिस्सा. बाकीचं, आणि डाळ, तेल, मीठ, मिरची, हे सगळं मजुरीतून यायचं. भर उन्हात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला किती अन्न लागतं, आणि घरात सगळ्यात शेवटी जेवायला बसते म्हणून तिच्या वाट्याला किती येतं, हे कुठल्याच सरासरीत दिसत नाही. उंबऱ्याच्या आत पाहणी पोचतच नाही.

रेषेवरचे वाद त्यानंतर पुष्कळ झाले. सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं 2009 साली उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण, औषधपाणी यांचा खर्च धरून नवी रेषा आखली. त्या रीतीनं 2011-12 साठी देशाच्या ग्रामीण भागाची रेषा महिन्याला माणशी 816 रुपये आली. दिवसाला 27 रुपये. तो आकडा जाहीर झाला तेव्हा देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. तरीही रेषा आखूच नये असं मला वाटत नाही. ती नसती तर 1971 साली चाळीस टक्के हा आकडा कुणाच्या तोंडावर फेकताच आला नसता.

खरी गडबड होते ती देशाची मोजणी करायला काढलेली रेषा तहसीलच्या खिडकीवर येते तेव्हा. पाहणी सांगते की जिल्ह्यात अमुक टक्के गरीब आहेत. खिडकीवरच्या बाबूला मात्र एका बाईला हो किंवा नाही म्हणायचं असतं. 1999 साली राज्यानं तीन रंगांची शिधापत्रिका आणली. वर्षाला 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरी. कोरडवाहू चार एकरांच्या कास्तकाराचं उत्पन्न एका वर्षी शून्याखाली असतं, दुसऱ्या वर्षी बरं असतं. कार्डाचा रंग तेवढा तोच राहतो.

विदर्भातले अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा हे सहा आणि मराठवाड्याचे आठ, अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांसाठी 2015 पासून वेगळी योजना होती : माणशी 5 किलो धान्य, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांसाठी ती होती, आणि रंगाच्या भिंतीला पाडलेली ती एक चांगली खिडकी होती. 2023 मध्ये धान्य थांबलं आणि माणशी महिना 150 रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. रोख रक्कम हवी तशी वापरता येते, हे खरं. पण ज्या घरावर कृषी केंद्राची उधारी आहे, त्या घरात 150 रुपये धान्याच्या डब्यापर्यंत पोचतीलच असं नाही. पोतं घरी आलं की ते शिजतं.

आणखी एक तुलना करतो. संजय गांधी निराधार योजनेत 2023 पासून महिन्याला 1500 रुपये मिळू लागले. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. 2024 साली आलेल्या लाडकी बहीण योजनेतही 1500 रुपयेच ठरले. तिथली मर्यादा अडीच लाखांची. एकाच गावात, एकाच रकमेसाठी, एका विधवा म्हातारीला जवळजवळ बारापट जास्त गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. 21 हजारांची ती अट आधी बदला, बाकीच्या सुधारणा मग करा, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : रिकामा गोठा. कोपऱ्यात सोयाबीनच्या कुटाराचा ढीग.)

नीलकंठ रथ यांच्याविषयी लोक कमी बोलतात, म्हणून थोडं थांबू. 1985 साली त्यांनी गरिबांना कर्ज आणि अनुदान देऊन दुभतं जनावर, शेळ्या, शिलाई मशीन वाटणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची परखड तपासणी केली. म्हैस दिली, पण चारा कुठून येणार? दूध विकायचं कुठे? जनावर आजारी पडलं तर डॉक्टर कुठे? या वाटेनं फार थोडी घरं रेषेच्या वर येतील, त्यापेक्षा हाताला काम द्या, असं त्यांचं म्हणणं.

1 जुलै 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या त्याच सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मोठा वाटा सिंचनाचा होता. पण त्यात दुभत्या गाईसुद्धा होत्या, अनुदानावर. एकवीस वर्षांपूर्वी पुण्यात विचारलेले प्रश्न जसेच्या तसे इथल्या गोठ्यात उभे राहिले. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. ज्वारीच्या वावरात सोयाबीन आलं, कडबा गेला, आणि कुटाराला कडब्याची सर येत नाही. पऱ्हाटीचा चारा होत नाही. कापसाच्या मुलखात गाय आणली, तर तिचं पोट भरायचं कशावर? पुष्कळांना ती गाय पोसवली नाही. अभ्यास कपाटात होता, कुणी उघडला असता तर उत्तर मिळालं असतं.

हाताला काम द्या, हे दांडेकर-रथ 1971 मध्येही सांगत होते. त्या वाटेवरचा पहिला प्रयोग विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात केला होता. 1972 च्या दुष्काळात ते काम राज्यभर पसरलं, 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याला त्याचाच आधार मिळाला. 2006 मध्ये राज्यातल्या पहिल्या बारा जिल्ह्यांत यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली होते. या योजनेत गरिबीचा दाखला लागत नव्हता. उन्हात माती उचलायला जो येईल तो आपला, इतकी सरळ निवड. म्हणून ती मला इतर सगळ्या योजनांपेक्षा न्याय्य वाटत आली.

(दृश्य : सोयाबीनच्या वावरात दोरी आणि खुंट्या. चौघे जण चौकोन आखताहेत.)

हे चाललंय ते पीक कापणी प्रयोगाचं काम. यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या वावरात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. कापसाला तर त्याच चौकोनात प्रत्येक वेचणीचं वजन घ्यावं लागतं. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, एका पिकाचे असे किमान दहा प्रयोग होतात. त्यावरून, आता काही पिकांना उपग्रहाच्या अंदाजाची जोड देऊन, सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरतं, आणि त्यावर विमा.

ही रीत आपल्याकडे रुजवली तीही दांडेकरांनीच. 1976 साली त्यांनी मांडलं की लाखो लहान तुकड्यांवर जाऊन प्रत्येकाचं नुकसान तपासणं कुठल्याही कंपनीला झेपणार नाही, आणि तसं केलं तर जो मेहनत घेत नाही त्यालाही भरपाई जाईल. म्हणून एका क्षेत्राचं उत्पन्न मोजा. क्षेत्राचं घटलं तर सगळ्यांना सारख्या दरानं द्या. जो जास्त राबला त्याचं जास्तीचं पीक त्याचंच. 1979 मध्ये भारतीय साधारण विमा निगमनं या तत्त्वावर प्रयोग सुरू केला. 1985, 1999, 2016, योजनांची नावं बदलत गेली, पाया हाच राहिला.

समजा, सोयाबीनचं उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ते, हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी 7 आली. तूट तीस टक्के, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या तीस टक्के सगळ्यांना. नाल्याकाठचं ज्याचं वावर खरडून गेलं, ज्याला दोनच क्विंटल झालं, त्यालाही तीसच. आणि मंडळाची सरासरी 10 आली, तर त्याला काहीच नाही. मंडळात भारी काळी असते, बरडही असतो. पाऊस एका गावात पडतो, शिवेपलीकडे पडत नाही. कास्तकार विचारतो, माझं गेलं ते कुणी पाहिलं? सरासरीत त्याचं उत्तर नसतं.

उंबरठाही फसवा आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन त्यांची सरासरी, आणि तिच्या सत्तर टक्के. ओळीनं वाईट वर्षं गेली की उंबरठाच खाली सरकतो. ज्या भागाला विम्याची जास्त गरज, तिथेच तो आखडतो.

2023 मध्ये राज्यानं एक रुपयात विमा दिला, 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला. आता पुन्हा हप्ता भरावा लागतो : सोयाबीनला संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, कापसाला पाच टक्क्यांपर्यंत. त्याच वेळी राज्यानं स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही वगळली. पूर्वी वावर पाण्याखाली गेलं तर 72 तासांत कळवून निदान आपलं नुकसान दाखवता येत होतं. 2025 च्या खरिपात भरपाई उरली ती मंडळाच्या उत्पन्नावर.

दांडेकर 1995 साली गेले. उपग्रहाची छायाचित्रं, गावागावातली पर्जन्यमापकं, प्रत्येक मोबाइलमधला कॅमेरा, यातलं काही त्यांच्या हाती नव्हतं. 1976 मध्ये मंडळाच्या खाली उतरणं अशक्य होतं, हे मान्य करू. आज ते अशक्य राहिलेलं नाही. विम्याचा घटक मंडळावरून ग्रामपंचायतीवर आणा, ही मागणी म्हणून पूर्णपणे रास्त आहे. त्यासाठी प्रयोग वाढवावे लागतील, माणसं लागतील, खर्च येईल. तो करावा.

तोवर गावाला एवढं करता येईल. आपल्या मंडळात यंदा कुठल्या गावांत, कुठल्या गटांत प्रयोग होणार, त्याची यादी कृषी कार्यालयात किंवा पटवाऱ्याकडे आधीच विचारून ठेवायची. त्या दिवशी चार-पाच जणांनी धुऱ्यावर हजर राहायचं. चौकोन नेमलेल्या जागीच पडतो का, कापलेलं सगळं वजनात येतं का, वजन तिथल्या तिथे नोंदलं जातं का, ते बघायचं. त्या नोंदीचा फोटो काढून ग्रामपंचायतीत ठेवायचा.