क्रोन्सच्या आजारातील थकवा आणि पोषण

श्रोतेहो, नमस्कार. क्रोन्सचा आजार म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. तो असलेल्या माणसाला घरातून बहुधा एक प्रश्न ऐकावा लागतो: 'जुलाब थांबले, पोटदुखी गेली, मग आता सारखे पडून का असतोस?' रात्रभर झोपूनही न जाणारा हा थकवा आजार शांत असतानाही दहापैकी साधारण चार रुग्णांना जाणवतो. त्याला आळस म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. या थकव्यामागे पोषणातली कमतरता असू शकते.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाहाचे होते. ब-१२ जीवनसत्त्व नेमके याच भागात शोषले जाते. तो दाहाने खराब झाला, किंवा शस्त्रक्रियेत त्याचा वीस सेंटिमीटरहून अधिक तुकडा काढावा लागला, तर आहार उत्तम असूनही ब-१२ कमी पडू शकते आणि बहुधा इंजेक्शने घ्यावी लागतात. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता मुळातच पुष्कळ आढळते, त्यामुळे अशा घरातील रुग्णाने या तपासणीत चालढकल करू नये.

लोहाची गोष्ट अधिक फसवी आहे. आतड्याच्या व्रणांतून थोडे थोडे रक्त जात राहते. शिवाय दाह वाढला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक स्रवते, ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि शरीरात साठलेले लोहही सहज वापरू देत नाही. म्हणूनच आजार जोरात असताना लोहाच्या गोळ्यांचा गुण कमी येतो आणि डॉक्टर ते शिरेतून देतात. केवळ हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते, कारण लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी घटू लागतो. हा साठा दाखवणारे फेरिटिन दाहामुळे उगाच वाढलेले दिसते. एरवी ते लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या खाली गेले की कमतरता मानतात, पण दाह चालू असेल तर १०० पर्यंतच्या आकड्यामागेही कमतरता लपलेली असू शकते.

वजनावरही विसंबू नये. वजन नेहमीइतके असूनही स्नायू झिजलेले असू शकतात, आणि स्टेरॉइडच्या दिवसांत तर चेहरा भरलेला दिसत असताना हातापायांतली ताकद जाते. दाह चालू असताना प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या व्यक्तीला ६० ते ७५ ग्रॅम. पोट बिघडेल या भीतीने महिनोन्‌महिने पेज, मऊ भात आणि ताक यांवर राहणाऱ्याला ती मिळणे शक्य नाही. हे पथ्य घरचे लोक मायेनेच सांगतात. तरीही आहारतज्ज्ञाला विचारून अंडी, मासे, पनीर, मुगाचे वरण असे सोसेल ते पुन्हा ताटात आणायला हवे. आतडे अरुंद झालेल्यांनी मात्र चोथायुक्त पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

ही सारी कमतरता भरून काढल्यावरही काहींचा थकवा उरतो. त्यामागे न दिसणारा दाह, अपुरी झोप किंवा नैराश्य असू शकते, आणि त्यांवरही उपचार आहेत. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा जुलाबांबरोबर थकव्याविषयीही डॉक्टरांना आपणहून सांगा. फेरिटिन, ब-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व शेवटचे कधी तपासले होते, हेही विचारा.