गाठींची दोरी

(दृश्य: दिवेलागणीची वेळ. उतारावरची पायऱ्यांची वाट. एक मुलगी वर उभी, दुसरी दोरी धरून खाली उतरते आहे.)

ही दोरी नीट पाहा. दर तीन मीटरला तिला एक गाठ आहे. लांब मोजपट्टी विकत आणावी लागली असती, आणि या अंधाऱ्या पायऱ्यांवर दिवे लावायला या तरुण गटाला हवं असलेलं छोटं अनुदान अजून मंजूर व्हायचं होतं. म्हणून दोरी. एकीनं वर टोक धरायचं, दुसरीनं गाठी मोजत उतरायचं, तिसऱ्यानं वहीत आकडा टिपायचा. पुढची पायरी जिथे दिसेनाशी होते, तिथे काळा ठिपका.

चार संध्याकाळी हेच चाललं होतं. आम्ही पोचलो ती चौथी.

(दृश्य: जमिनीवर पसरलेला चार्टपेपर. गुडघ्यांवर बसलेली सहा-सात मुलं-मुली.)

अकरा ठिपके भरले. अकरा दिवे मागायचे का? यावर दीड तास वाद झाला. तो सगळा चित्रित झालाय, इथे त्यातला एवढाच भाग.

"वळणावर एक खांब दिला तर वरचा ठिपकाही जातो आणि खालचाही."
"मग राहिले किती?"
"थांब, मोजू दे. सात."

अकराचे सात झाले, ते कुणी बाहेरच्यानं काटछाट करून नव्हे. ज्यांना रोज याच पायऱ्या उतरायच्या आहेत, त्यांनी ते केले. तरुणांच्या हाती थेट दिलेल्या छोट्या अनुदानाचं मोल आम्हाला या चार्टपेपरवर दिसलं. आणि अर्ज तर अजून लिहायचाच होता.

(दृश्य: भिंतीवरचा जगाचा नकाशा, त्यावरून सरकणारा कॅमेरा.)

तरुण म्हणजे कोण, याचं उत्तर जगात एकच नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८५च्या आंतरराष्ट्रीय युवा वर्षाच्या निमित्तानं १५ ते २४ ही वयोमर्यादा धरली, ती प्रामुख्यानं आकडेवारीसाठी. शहरं आणि वस्त्यांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेच्या शहरी युवा निधीनं १५ ते ३२ वयाच्या तरुणांनी चालवलेल्या गटांना २५,००० डॉलरपर्यंत अनुदान देऊ केलं. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या युवा कार्यक्रमात १८ ते ३० वयाचे किमान पाच जण एकत्र आले की त्यांना प्रकल्प मांडता येतो, मुदत दोन ते बारा महिने. नोंदणीकृत संस्थाच हवी अशी अट तिथे नाही, आणि सोबतीला मार्गदर्शक हवा असेल तर त्याच्या खर्चाचीही तरतूद आहे.

याहूनही सुटसुटीत रीत आहे. २००९ साली बोस्टनमध्ये सुरू झालेल्या ऑसम फाउंडेशनमध्ये साधारण दहा माणसं दरमहा प्रत्येकी शंभर डॉलर काढतात आणि हजार डॉलर एका कल्पनेला देऊन टाकतात. ती तरुणांपुरती नाही, पण छोटा पैसा किती सरळ हाताने देता येतो हे तिच्याकडे पाहून कळतं.

(दृश्य: टेबलावर छापील अर्ज. पेन धरलेला हात. खाडाखोड.)

आता अर्ज. या दृश्यावर आम्ही मुद्दाम जास्त वेळ थांबलो आहोत.

"प्रकल्पाची उद्दिष्टे", "अपेक्षित फलनिष्पत्ती", "शाश्वतता". "फलनिष्पत्ती म्हणजे काय गं?" हा प्रश्न तुम्ही ऐकलात. रकाना तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी जे लिहिलं ते असं: "क्लासहून येताना मोबाइलचा टॉर्च लावावा लागणार नाही." अर्ज वाचणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

अंदाजपत्रकाचं पान त्याहून कठीण. सौर दिवे, खांब, सिमेंट, खड्डे खणण्याची मजुरी, इतकं पटापट झालं. मग सर्वांत धाकट्यानं विचारलं, "आणि खांब इथपर्यंत येणार कसे?" वाहतुकीचा रकानाच अर्जात नव्हता. झेरॉक्सचा नव्हता, जाण्यायेण्याचा नव्हता. छोटी कामं अडतात ती बहुतेक वेळा याच किरकोळ खर्चांपाशी. मोठ्या संस्थेकडे किरकोळ खर्चाला वेगळी पेटी असते. इथे तो खर्च कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि विशीतल्या पोरांचे खिसे आपल्याला ठाऊक आहेत.

(दृश्य: बँकेबाहेरचा बाक. हातात फाइल. वाट पाहणं.)

पैसे ठेवायचे कुठे? गटाची नोंदणी नाही, त्यामुळे गटाच्या नावानं खातं नाही. दोघं अजून अठरा वर्षांची नाहीत, त्यांची सही करारावर चालत नाही. अशा वेळी एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या खात्यात रक्कम घेते आणि गटाला देते. ही सोय चांगली आहे, पण खातं ज्याचं, त्याचा शब्द वरचढ होऊ लागतो. म्हणून या गटानं एका कागदावर आधीच लिहून घेतलं: पैसे संस्थेच्या खात्यात राहतील, खर्चाचा निर्णय गटाचा.

"आधी खर्च करा, मग बिलं द्या" ही पद्धत इथे नव्हती, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ज्याच्याकडे मुळात पैसेच नाहीत त्यानं आधी खर्च कुठून करायचा? छोटं अनुदान आगाऊच मिळायला हवं, हे आम्ही इथे स्पष्ट म्हणतो.

(दृश्य: शिडी. खाली दोघांनी घट्ट धरलेली. वर एक मुलगी दिव्याचा नट पिळते आहे.)

शिडीवरून आठवलं. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या सहभागाच्या नाहीतच, असं ते म्हणतात. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं विचारणं, या त्या तीन. फीत कापताना शेजारी उभी केलेली मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

काही ठिकाणी मात्र पैसा वाटण्याचा अधिकारच तरुणांकडे गेला. २०१४ साली बोस्टन शहरानं अर्थसंकल्पातले दहा लाख डॉलर बाजूला काढले, आणि ते कुठे लावायचे यावर १२ ते २५ वयाच्या मुलांनी मतदान केलं. तरुण स्त्रीवादी गटांना निधी देणाऱ्या फ्रिडामध्ये अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचून मत देतात. परीक्षक आणि अर्जदार एकाच रांगेत बसतात.

(दृश्य: जुना खाऊचा डबा. त्यात पावत्या. एक पावती पाण्यानं भिजलेली.)

हा डबा म्हणजे यांचं हिशेब खातं. सिमेंटची पावती पावसात भिजली, आकडा पुसला. ती पुन्हा मागायला दुकानात तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला दुकानदारानं नवी पावती तर दिलीच, वर वही मागून घेतली आणि जमा डावीकडे, खर्च उजवीकडे कसा लिहायचा ते दाखवलं. तेव्हापासून वहीचं प्रत्येक पान असंच आहे, आणि प्रत्येक पानाखाली दोन सह्या. एक खर्च करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दर आठवड्याला तपासणारा बदलतो. सह्यांची ही पद्धत मात्र त्यांना कुणी शिकवलेली नाही.

(दृश्य: तीच वाट. सात दिवे. येणारी-जाणारी माणसं.)

दिवे लागले. संध्याकाळची वर्दळ वाढली आहे. एका दिव्याची बॅटरी लवकर उतरली, ती बदलायला अनुदानात पैसे नव्हते, घरोघरी वर्गणी काढून बदलली.

(दृश्य: वहीचं शेवटचं पान.)

शेवटच्या पानावर तीन नोंदी आहेत. एकूण जमा. एकूण खर्च. आणि शिल्लक, थोडीशीच, "परत केली" असा शेरा, तारीख, दोन सह्या.

तिच्याखाली, वेगळ्या अक्षरात: "दोरी कुणाकडे आहे?"

(दृश्य: रात्र. वळणावरचा दिवा. पायऱ्यांवरून उतरणारी पावलं. इथून पुढे निवेदन नाही, संगीतही नाही.)