परवान्यावरचं एक अक्षर

श्रोतेहो, नमस्कार.

सरडा, साप किंवा कासव एका देशातून दुसऱ्या देशात विकायला पाठवायचं, तर त्या जातीचं नाव ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यास परवाना लागतो. १९७५पासून लागू असलेल्या या कराराच्या परवान्यावर प्राणी आला कुठून हे सांगणारं एक इंग्रजी अक्षर असतं. रानातून धरला असेल तर ‘डब्ल्यू’, बंदिवासात जन्मला असेल तर ‘सी’. सगळी गोम या अक्षरात आहे.

हिरव्या वृक्ष-अजगराचंच बघा. पिल्लू असताना पिवळं किंवा तांबडं, मोठेपणी पानासारखं हिरवंगार. इंडोनेशियातून हे अजगर पैदास केंद्रांत जन्मलेले म्हणून बाहेर जात. २००९ ते २०११ या काळात संशोधकांनी त्याची शहानिशा केली, तेव्हा निर्यात झालेल्यांपैकी किमान ८० टक्के रानातलेच निघाले. नवल नाही. पिल्लू वाढवायचं म्हणजे ऊब, उंदीर, देखभाल आणि वर्षं. रानातून उचलायला एक पिशवी पुरते!

बरं, हे झालं यादीतल्या जातीचं. बोर्निओ बेटावरची कानाचं छिद्र नसलेली घोरपड तिथल्या देशांत कायद्याने संरक्षित होती. पण तिचं नाव साइट्सच्या यादीत नव्हतं. त्यामुळे चोरून सीमेपार गेली की पुढे तिला कोण विचारणार? २०१६ साली ती यादीत आली आणि रानातून धरलेल्यांच्या व्यापारासाठी कोटा शून्य ठरला. तोवर ती युरोपातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांत पोचलेली होती.

संशोधकांची पंचाईत तर विचारूच नका. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरचं, सापासारख्या लांब मानेचं सापमान्या कासव ही वेगळी जात असल्याचं १९९४ साली जाहीर झालं, आणि मागणी इतकी उसळली की काही वर्षांतच ते तिथल्या तळ्यांत दिसेनासं झालं. शोधनिबंध म्हणजे शिकाऱ्यांना दिलेला पत्ताच! आता काही संशोधक नवी जात छापताना नेमकं ठिकाण गाळतात.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक सरपटणाऱ्या जातींचा व्यापार होतो, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जातींना आंतरराष्ट्रीय नियम लागूच नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे मोकळं रान, ही रीतच मला उलटी वाटते. रानातून धरलेला प्राणी मुळात बंद, आणि धरल्याने धक्का बसत नाही हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं, असं का नसावं? रानपक्ष्यांची आयात युरोपीय संघाने २००५ साली बर्ड फ्लूच्या भीतीने थांबवली, ती पुढे कायमचीच थांबली. मग सापांनीच काय घोडं मारलंय?

पकडणाऱ्या गरिबाच्या पोटाचं काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण या साखळीत सगळ्यांत कमी पैसा त्याच्याच हाती पडतो, आणि तळं रिकामं झालं की तोही थांबतो.

तुमच्यापैकी कुणी असा प्राणी घ्यायला निघालाच असाल, तर विक्रेत्याला म्हणा, ‘याचे आईबाप दाखवा.’

नमस्कार.