परदेशी दत्तक: मुलाची खरी नोंद हा मुलाचा हक्क

मित्रहो,

दोन-तीन वर्षांचे मूल परदेशी कुटुंबात दत्तक जाते, तेव्हा आपला जन्म कुठे झाला, आपल्याला संस्थेत कोणी आणले, आईने खरोखर संमती दिली होती का, यांपैकी काहीही त्याला स्वतःहून सांगता येत नाही. पुढे आयुष्यभर या प्रश्नांची उत्तरे त्याला कागदांतूनच शोधावी लागतात. त्या कागदांचा खरेपणा हाच या सगळ्या व्यवहारातला मुलाचा पहिला हक्क आहे, असे मी मानतो, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

या हक्काची पायमल्ली किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, हे दक्षिण कोरियाने दाखवले. १९५३च्या युद्धविरामानंतर आधी परदेशी सैनिकांपासून झालेली मुले, आणि पुढे गरीब व अविवाहित मातांची मुले अमेरिका व युरोपात पाठवली जाऊ लागली. काही दशकांत हा आकडा सुमारे दोन लाखांवर गेला. मोठी होऊन परतलेल्या या मुलांपैकी अनेकांना कळले, की आईवडील हयात असताना आपली नोंद अनाथ म्हणून केली गेली. काहींच्या बाबतीत तर एका मुलाच्या ओळखीवर दुसरेच मूल पाठवले गेले होते. अकरा देशांतल्या ३६७ दत्तक व्यक्तींनी केलेल्या तक्रारींची तपासणी करून तिथल्या, जुन्या अन्यायांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने मार्च २०२५मध्ये या प्रकारांना सरकारही जबाबदार असल्याचे स्पष्ट केले. देशाची ही कबुली महत्त्वाची आहेच. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खोटी लिहिलेली नोंद तिने खरी होत नाही, आणि तोवर अनेकांच्या जन्मदात्या आया वारलेल्या असतात.

आपल्याकडचा इतिहास वेगळा असला, तरी निर्धास्त व्हावे असा नाही. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. त्यामुळे परदेशी दांपत्ये १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून फक्त पालकत्व मिळवत, मूल घेऊन जात आणि दत्तकविधान आपल्या देशात करत. तिकडे ते पूर्ण झालेच नाही, तर त्या मुलाचे कायदेशीर स्थान अधांतरी राहण्याचा धोका होता. या व्यवहारातल्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्या. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी जो निकाल दिला, तो समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा, असा माझा आग्रह आहे. आधी भारतीय कुटुंबाचा शोध घ्यावा, जन्मदात्यांवर दबाव आणू नये, त्यांना फेरविचाराला अवधी द्यावा, ही तत्त्वे तिथे ठामपणे मांडली गेली. १९९०मध्ये ‘कारा’ ही दत्तक व्यवहारांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था आली आणि परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराला भारताने २००३मध्ये मान्यता दिली.

आजच्या पद्धतीत मूल सोपवणाऱ्या आईला साठ दिवसांचा फेरविचाराचा अवधी असतो. बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचे जाहीर केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. परदेशी कुटुंबासाठी ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि मूल तिकडे गेल्यावर दोन वर्षे प्रगतीचे अहवाल यावे लागतात. हे सारे आवश्यकच आहे. तरीही मुलाच्या ‘अभ्यास अहवालात’, म्हणजे त्याची पार्श्वभूमी व स्थिती नोंदवणाऱ्या कागदात, संस्थेतली कार्यकर्ती काय लिहिते, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. मूल कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या कपड्यांत सापडले, कोणती भाषा बोलत होते, कोणत्या नावाला ओ देत होते, हे तिने त्याच दिवशी लिहून ठेवले नाही, तर नंतर ते कोणालाच लिहिता येणार नाही.

हे सगळे प्रकार पाहून काही देशांनी हा मार्गच बंद केला. चीनने २०२४मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ पूर्णपणे थांबवले, तर नेदरलँड्सने जुन्या गैरप्रकारांच्या चौकशीनंतर २०२१मध्येच नवीन अर्ज स्थगित केले होते. त्यांची अस्वस्थता मला समजते. पण सरसकट बंदी मला पटत नाही. आपल्या देशात आजही अपंगत्व असलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या किंवा भावंडांसह राहिलेल्या मुलांना घर मिळणे कठीण जाते. अशा मुलाला दुसऱ्या देशात प्रेमाने स्वीकारणारे कुटुंब मिळत असेल, तर आपल्याला घर देता आले नाही म्हणून तेही घर नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महाराष्ट्रातून पूर्वी युरोपात गेलेली मुले आज प्रौढ वयात आपल्या मुळांचा शोध घेत येतात. नियमांनी त्यांना हा शोध घेण्याचा मार्ग दिला आहे आणि त्यांच्या वतीने तिसऱ्या व्यक्तीने शोध घेण्यास मनाई आहे. आईच्या गोपनीयतेचा विचार करता ती मनाई मला योग्य वाटते. परंतु बंद पडलेल्या संस्थांच्या नोंदवह्या वाळवीच्या तोंडी गेल्या, तर हा हक्क केवळ नावापुरता उरेल. राज्य शासनाने अशा संस्थांची दप्तरे ताब्यात घेऊन जतन करावीत आणि ती कुठे ठेवली आहेत हे जाहीर करावे, एवढी मागणी आपण सर्वांनी मिळून करावी, ही माझी विनंती आहे.