हुकूमतपन्हा रामचंद्रपंत

(दृश्य: पन्हाळा, सकाळ. बाजीप्रभूंचा पुतळा, मग तीन दरवाजा.)

पन्हाळ्याला आलेला माणूस बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी थांबतो, तीन दरवाज्यात फोटो काढतो, अंबरखान्याच्या गारव्यात घटकाभर रेंगाळतो आणि गड उतरतो. याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. तिकडे फार थोडी पावलं वळतात. ती वळायला हवीत, म्हणून हा माहितीपट.

1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य होते तरुण रामचंद्र नीलकंठ. काम जमाखर्चाचं. युद्ध अंगावर आलं ते 1689 मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडला, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. जाताना त्यांनी मागचा सगळा मुलूख पंतांच्या हवाली केला, हुकूमतपन्हा हा किताब दिला आणि आपल्या माघारी हुकूम चालवण्याचा अधिकारही.

(दृश्य: विशाळगडाचे कडे, खाली धुकं.)

पंतांनी ठाणं मांडलं या विशाळगडावर. समोर खुद्द औरंगजेब आणि घरात रिकामा खजिना. संताजी घोरपडे, धनाजी जाधव मैदानात. शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक गडांच्या मागे. 1692 मध्ये पन्हाळा परत आला. लढणाऱ्यांना द्यायला रोकड नव्हती, तेव्हा वतनाच्या सनदा दिल्या. त्या सनदांनी फौज उभी राहिली, हे मान्य करावंच लागेल. त्यांचं ओझं किती, हेही पंतांनाच सगळ्यात आधी कळलं.

पुढे राजाराम महाराज गेले, ताराराणींनी झुंज चालू ठेवली, औरंगजेब दख्खनच्या मातीतच संपला. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्ता पालटली. ताराराणी कैदेत गेल्या, राजारामांचे पुत्र दुसरे संभाजी गादीवर आले आणि पंत नव्या राजाच्या बाजूला राहिले.

(दृश्य: अंबरखाना, अंधारबाव, पाण्याची टाकी.)

1715 मध्ये, या नव्या राजाच्या कारकिर्दीत, पंतांनी आज्ञापत्र लिहिलं. राज्य कसं चालवावं, हे सांगणारा हा ग्रंथ. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो. खरी मोलाची आहेत ती पुढची बारीक कलमं. गड बांधण्याआधी पाणी पाहा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी बांधा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण झुंजीत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. साठ्याचं पाणी वेगळं ठेवा. दारूखाना घरांपासून लांब ठेवा. हे सगळं वेढे सोसलेल्या माणसाचं बोलणं आहे.

आरमाराला लाकूड हवं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका. ही झाडं लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेलं झाड घ्यायचं, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या. सावकारांना अभय द्या, परमुलखातल्या व्यापाऱ्याला बोलावून आणा. आणि वतनं? नवं वतन देऊ नका, वतनदार म्हणजे राज्याचे दायाद, वाटेकरी. कधीकाळी ज्यांच्या हातून सनदा गेल्या, त्यांनीच हे बजावलं. राज्यकर्त्याची ही कसोटी आम्हाला फार मोठी वाटते.

(दृश्य: पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांची समाधी.)

1716 मध्ये याच गडावर पंतांचं निधन झालं. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्यात पुढे चालली.

(दृश्य: चार दरवाज्याची जागा.)

टोपीकरांविषयीही, म्हणजे व्यापाराला आलेल्या युरोपीयांविषयीही, आज्ञापत्रात स्पष्ट लिहिलं आहे. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत. यांना खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याला जागा देऊ नका. द्यायचीच झाली तर आत, सखल जमिनीवर द्या आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नका. 1812 च्या तहात कोल्हापूरनं, म्हणजे याच गादीनं, मालवण इंग्रजांना दिलं. 1844 मध्ये गड राखणाऱ्या गडकऱ्यांनी उठाव केला, तो मोडून काढताना इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला.