संशोधन कोणी करायचे, निष्कर्ष कोणाला कळवायचे

आजच्या विषयाला मी सुरुवातीलाच एक मर्यादा घालून घेतो. तंबाखू आरोग्याला घातक आहे हे आज सिद्ध करायचे नाही. ते काम केव्हाच झाले आहे. अनेक देशांत पसरलेला एखादा तंबाखू समूह आपले तांत्रिक संशोधन कसे वाटून घेतो, त्यातून निघालेले ज्ञान कोणापर्यंत पोहोचू देतो आणि तो निर्णय अखेर कोणाच्या हाती जातो, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. उदाहरण मुख्यतः ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या समूहाचे घेतो. कारण सरळ आहे: न्यायालयीन खटल्यांमुळे या समूहाचे अंतर्गत अहवाल, पत्रे आणि सभांची इतिवृत्ते आज कोणालाही वाचता येतात.

ब्रिटनची इम्पीरियल टोबॅको आणि अमेरिकन टोबॅको यांनी १९०२ साली परदेशी बाजारपेठांसाठी संयुक्तपणे ही कंपनी उभी केली. पुढे ब्राझीलची सौझा क्रूझ, अमेरिकेतील लुईव्हिलची ब्राउन अँड विल्यमसन, हॅम्बर्गची जर्मन कंपनी, माँट्रियलची इम्पीरियल टोबॅको कॅनडा अशा उपकंपन्या आणि संलग्न कंपन्या या कुटुंबात होत्या. प्रत्येकीचा बाजार वेगळा, पानाची प्रतवारी वेगळी, कायदेही वेगळे. १९५० च्या दशकात धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाचे पुरावे प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा प्रत्येक कंपनीने धुराचे रसायनशास्त्र स्वतंत्रपणे शोधत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून साउदम्प्टनला समूहाचे मध्यवर्ती संशोधन केंद्र वाढवण्यात आले, खर्चाची वाटणी ठरली आणि संशोधनप्रमुखांच्या परिषदा भरू लागल्या. १९६२ ची परिषद साउदम्प्टनलाच झाली. १९७४ ची फ्लोरिडात डक की येथे, तर १९७८ ची सिडनीला.

आता प्रयोगशाळेत काय लागते ते पाहू, कारण समन्वयाची खरी गरज तिथे दिसते. दोन देशांतील प्रयोगशाळांनी एकाच सिगारेटच्या धुरातील डांबर (टार) मोजले आणि आकडे जुळले नाहीत, तर दोष पानात, यंत्रात की मोजणाऱ्यात हे कळायला मार्ग नसतो. म्हणून सिगारेट ओढणारे यंत्र सर्वांनी एकाच रीतीने चालवायचे असते: दर मिनिटाला एक झुरका, तो दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा. त्याआधी सिगारेटी २२ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवाव्या लागतात, कारण सिगारेटमधला ओलावा बदलला की तिच्या जळण्याचा वेग बदलतो, झुरक्यांची संख्या बदलते आणि सगळे आकडे घसरतात. त्याच सिगारेटी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पाठवून निकाल ताडून पाहण्याची पद्धत यातूनच रुळली. १९५६ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली कोरेस्टा ही संस्था असले प्रमाणीकरण साऱ्या उद्योगासाठी करते, आणि त्यात एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक एकत्र बसतात. (माणूस काही यंत्रासारखा ओढत नाही. हलक्या सिगारेटचा तो खोल झुरका घेतो, हे उद्योगातील संशोधकांना फार आधीपासून माहीत होते. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

इथपर्यंतची व्यवस्था कोणत्याही मोठ्या उद्योगात शोभावी अशी आहे. साउदम्प्टनच्या अहवालांना अनुक्रमांक असत, प्रतींनाही क्रमांक असत आणि कोणती प्रत कोणाकडे गेली याची वितरणयादी असे. ही वितरणयादी लक्षात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

अडचण सुरू झाली ती ज्ञान खरोखरच वाटले जाऊ लागल्यावर. समूहाने जिनिव्हाच्या बॅटेल संस्थेकडून निकोटिनच्या शरीरातील परिणामांवर अभ्यास करवून घेतले. ‘हिप्पो’ हे त्या प्रकल्पाचे सांकेतिक नाव. १९६३ मध्ये ते अहवाल लुईव्हिलला पोहोचले. त्याच वेळी अमेरिकेच्या सर्जन जनरलची, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याची, समिती धूम्रपानावरचा आपला अहवाल तयार करत होती. बॅटेलचे निष्कर्ष तिला द्यायचे की नाहीत यावर ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार झाला आणि ते दिले गेले नाहीत. त्याच जुलैमध्ये ब्राउन अँड विल्यमसनचे विधी सल्लागार ॲडिसन येमन यांनी अंतर्गत टिपणात स्वच्छ लिहिले की निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा निकोटिन विकण्याचा आहे. हे वाक्य शास्त्रज्ञाचे नसून वकिलाचे आहे, हे मला फार बोलके वाटते. संशोधनाचा अर्थ आणि त्याची कायदेशीर किंमत ही दोन्ही सर्वांत आधी त्याच्या टेबलावर एकत्र आली.

पुढच्या दोन दशकांत पेच स्पष्ट होत गेला. विज्ञानाच्या दृष्टीने समूह एक होता. अमेरिकेच्या न्यायालयात मात्र लुईव्हिलची कंपनी वेगळी असणे सोयीचे होते. साउदम्प्टनचा जो अहवाल लुईव्हिलच्या कपाटात शिरेल, तो ‘तुम्हाला हे ठाऊक होते’ याचा पुरावा ठरणार. म्हणून अहवाल थेट संशोधन विभागाकडे न पाठवता वकिलांच्या मार्फत पाठवण्याच्या योजना आखल्या गेल्या, म्हणजे वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे कवच त्यांना मिळावे. जानेवारी १९८५ च्या एका टिपणात लुईव्हिलच्या कंपनीचा वकील नोंदवतो की जैविक अभ्यासांची कागदपत्रे काढून, खोक्यांत भरून तळघरात ठेवावीत. पुढे ती ब्रिटनला पाठवण्याचा विचार करता येईल. कर्मचाऱ्यांना हे जुन्या अडगळीची साफसफाई म्हणून सांगावे. आणि याबद्दल कोणीही टाचण, टिपण वा यादी करू नये. एवढे बजावून त्याने स्वतः मात्र टिपण लिहिले, आणि तेच आपल्या हाती आहे. १९८९ मध्ये समूहाचे शास्त्रज्ञ व्हँकूव्हरला भेटले, तेव्हा त्या सभेचे सविस्तर इतिवृत्त वकिलाने कापून मोजक्या पानांवर आणले, अशी साक्ष कंपनीचे माजी संशोधन उपाध्यक्ष जेफ्री वायगंड यांनी नंतर दिली.

फिलिप मॉरिस या प्रतिस्पर्धी अमेरिकी तंबाखू कंपनीने दुसरा मार्ग निवडला. नाजूक जैविक चाचण्यांसाठी तिने १९७० मध्ये जर्मनीतील कोलोनची इनबिफो ही प्रयोगशाळा घेतली आणि काम अमेरिकेबाहेर ठेवले. महत्त्वाची पत्रे घरच्या पत्त्यावर पाठवावीत, कार्यवाही झाल्यावर ती नष्ट केली जातील, अशा आशयाचे हस्तलिखित टिपणही उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष उत्पादनाच्या तंत्रज्ञानात मात्र देवाणघेवाण निर्वेध चालू राहिली. ब्राउन अँड विल्यमसनने विकसित केलेल्या ‘वाय-१’ या वाणात निकोटिनचे प्रमाण नेहमीच्या पानाच्या साधारण दुप्पट होते. त्याचे बियाणे ब्राझीलला गेले, तिथे पीक घेतले गेले आणि पान अमेरिकेत परत येऊन सिगारेटच्या मिश्रणात वापरले गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी जून १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर हे उघड केले. या कामातील सहभागी कंपनी डीएनए प्लँट टेक्नॉलॉजी हिने बेकायदा बीजनिर्यातीच्या कटाचा गुन्हा १९९८ मध्ये कबूल केला. विक्रीच्या मालात भर घालणाऱ्या ज्ञानाला सरहद्द आड येत नव्हती; आरोग्याविषयीचे ज्ञान तेवढे सरहद्दीवर अडवले जात होते. समन्वयाचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. तीच यंत्रणा एका बाजूने वाहती आणि दुसऱ्या बाजूने बंद ठेवण्यात आली होती, असे माझे मत आहे.

आता वितरणयादीकडे येतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने तंबाखू कंपन्यांवर भरलेल्या खटल्यात १९९८ मध्ये तडजोड झाली, त्यानंतर ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोला इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड येथे आपली लक्षावधी पाने अभ्यासकांसाठी खुली ठेवावी लागली. त्याआधीच, १९९२ मध्ये, इम्पीरियल टोबॅको कॅनडाने आपल्याकडील संशोधन अहवाल नष्ट केले होते आणि कंपनीच्या वकिलाने त्यांपैकी ६० कागदपत्रांची यादी ब्रिटनमधील वकिलांना पत्राने कळवली होती. माँट्रियलची कपाटे रिकामी झाली, पण एका अहवालाच्या अनेक क्रमांकित प्रती काढून ठिकठिकाणी पाठवण्याची शिस्त समूहाने स्वतःच लावलेली होती. पुढे कॅनडातील संशोधकांनी वकिलाच्या पत्रातली ती ६० कागदपत्रांची यादी हाताशी घेतली आणि गिल्डफर्डच्या संग्रहातून त्या कागदपत्रांच्या प्रती शोधून काढल्या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील धूम्रपान करणाऱ्यांच्या खटल्यात २०१५ मध्ये तीन तंबाखू कंपन्यांविरुद्ध सुमारे १५ अब्ज कॅनेडियन डॉलर भरपाईचा निकाल देताना न्यायमूर्ती ब्रायन रिओर्डन यांनी या नाशाचीही दखल घेतली.