ती बघ, त्याची गाडी!

नमस्कार श्रोतेहो. गाड्यांचं वेड असलेल्या माणसाबरोबर शहरात फेरफटका मारलात, तर तो ऐन गप्पांत थबकतो, मान वळवतो आणि म्हणतो, "ती बघ, त्याची गाडी!" तुम्हाला नुसती एक जुनी लाल गाडी गेलेली दिसते. त्याला मात्र तिचं मॉडेल कळलेलं असतं, साधारण साल कळलेलं असतं, आणि चालवणारा कोण हेही.

हे कळतं कसं? त्यासाठी नाव वाचावं लागत नाही. फोक्सवॅगन बीटलची मागची काच बघा. 1953 च्या सुरुवातीपर्यंत ती मधल्या पट्टीने दुभागलेली होती, मग 1957 पर्यंत लंबगोल आणि त्यानंतर मोठी, चौकोनी. बीटल पाठमोरी दिसली तरी तिचा काळ सांगता येतो. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक गाड्यांत मागच्या खिडकीचा खालचा कोपरा पुढच्या बाजूला वळतो. 1961 पासूनची ही खूण त्यांचे तेव्हाचे डिझाइन-प्रमुख विल्हेल्म हॉफमाइस्टर यांच्या नावाने ओळखली जाते. माझ्दा एमएक्स-5 ची 1989 ची पहिली पिढी तर अंधार पडला की ओळखू येते, कारण तिचे दिवे बॉनेटमधून वर येतात. पुढच्या पिढीत ते गेले, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

काहींना नुसता कान पुरतो. सुबारूच्या जुन्या टर्बो गाड्यांत इंजिनाच्या दोन बाजूंचे एक्झॉस्ट पाइप सारख्या लांबीचे नसतात. त्यामुळे धुराचे ठोके समान अंतराने बाहेर पडत नाहीत आणि ती ओळखीची गुरगुर ऐकू येते.

पण मॉडेल ओळखणं वेगळं आणि मित्राची गाडी ओळखणं वेगळं. त्यासाठी बारीक खुणा लागतात. पुढचं डावं मडगार्ड पुन्हा रंगवलेलं असतं, उन्हात त्याची छटा दारापेक्षा किंचित उजळ दिसते, मागच्या काचेच्या कोपऱ्यात अर्धवट निघालेला स्टिकर असतो. रात्री पिवळ्या सोडियम दिव्यांखाली रंगावर विसंबू नये, तिथे चंदेरी आणि फिकट पिवळी एकसारखीच दिसते. तेव्हा मागच्या दिव्यांचा आकार बघावा.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे. मालकाला स्वतःची गाडी रस्त्यावर धावताना क्वचितच दिसते. तो आत बसलेला असतो. महिनोन्महिने जीव ओतून उभी केलेली गाडी वळणावर कशी दिसते, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून "आज दिसलास" एवढाच निरोप पाठवू नका. कुठल्या वळणावर दिसली, ऊन कुठून पडलं होतं, आवाज कसा येत होता, हेही सांगा. तो ते वाचून सुखावतो.

आणि खोट दिसली तर तीही सांगा. मागचा ब्रेकचा दिवा गेलेला चालवणाऱ्याला कळत नाही. गाडी एका अंगाला झुकली असेल, तर स्प्रिंग बसली असण्याचा संभव असतो. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळसर धूर निघत असेल, तर इंजिन ऑइल जाळतंय. व्हॉल्व्हची सील गेली असतील, वेळेवर कळलं तर पुढचा मोठा खर्च टळतो.

ओळख दाखवायला हात वर करावा. दिवे चमकवण्याचे रस्त्यावर आणखीही अर्थ होतात, समोरच्याला वाटतं तुम्ही त्याला वाट देताय. जीपवाले स्टिअरिंगवरून हात वर करून एकमेकांना अभिवादन करतात, तेवढं पुरे. फोटोसाठी पाठलाग मुळीच नको, आणि चालवताना फोन हातात घ्यायचाच नाही. शेजारी बसलेल्याला काढू द्या.

फोटो इतरांना दाखवायचा असेल, तर आधी नंबरप्लेट झाका. गाडी रोज रात्री जिथे उभी असते ती जागा कुणाला सांगू नका. दुर्मिळ गाड्यांवर चोरांचीही नजर असते. पुष्कळ फोनमध्ये फोटोबरोबर जागेची नोंदही साठते, ती पाठवण्याआधी काढून टाका. मालक ओळखीचा नसेल, तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा: गाडी छान राखलीये, मागचा उजवा दिवा तेवढा बघून घ्या. नमस्कार.